वाक्यात उपयोग करा

पुस्तकाला पुठ्ठा नव्हता. गोष्ट नवव्या पानावर सुरू व्हायची,
म्हणजे चोरी आधीच होऊन गेलेली.
निघोट सरांच्या पत्र्याच्या पेटीतलं ते एकच पुस्तक
वाळवीने सोडलेलं.
तीन भावंडं, समुद्राकाठचा बंगला,
आणि पानोपानी असे शब्द
जे आमच्या गावात कोणाच्या तोंडी आले नव्हते.

मी ते दोनशे पानी वहीत उतरवून घ्यायची.
भुयार. गलबत. ठसे. छडा लावणे.
'भरती' मला ठाऊक होती:
पहाटे चारला दिग्रस रोडवर पोरं धावायची ती, पोलिसातली.
पण इथे रात्री समुद्रालाच भरती आली होती,
फॉर्म न भरता.
मायला विचारलं, ओहोटी म्हंजे काय वं?
ती चुलीसाठी पऱ्हाट्या मोडत होती.
"वटी असंन बाई, वटी भरतेत थे. सरांले इचार."

'माग' मी उमरेडला आत्याकडे पाहिला होता, खडखड करणारा,
पण गोष्टीत कोणी लुगडं विणत नव्हतं.
सुरमल पवार शेवटच्या रांगेतून ऐकत होता.
बेड्यावरून यायचा, तीन किलोमीटर,
कधी यायचा, कधी नाही.
मधल्या सुट्टीत त्याने मला हापशीमागच्या फुफाट्यात नेलं,
उकिडवा बसला, बोट टेकवलं:
"हा ससा. इथं थांबला. इथं भेला, पाय, नखं रुतले.
अन् हे मुंगूस. थे सकायचं, ससा रातचा."
मग त्याच्या घरच्या बोलीतला एक शब्द सांगितला,
आखूड, घशातून निघून दातांशी संपणारा.
मी वहीत लिहिलं:
माग – पावलांवरून घेतलेला शोध.

त्याच आठवड्यात शाळेची घंटा नाहीशी झाली.
पितळी, काठाशी चिरलेली.
शिपाई लग्नाला गेलेला,
सर खिचडीच्या ताटलीवर टोल द्यायचे.
आणि मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू.
गावात अखेर काहीतरी घडलं होतं
ज्याचे शब्द माझ्याकडे होते.

शुक्रवारी सरांनी फळ्यावर लिहिलं: संशयित.
वाक्यात उपयोग करा.
माझा हात सगळ्यांच्या आधी वर.
"सुरमल पवार हा संशयित आहे."
कर्ता बरोबर. क्रियापद बरोबर.
वर्ग हसला.
सर थोडं थांबून म्हणाले, "वाक्य शुद्ध आहे."
दाराशी सरपंचांचा भाऊ तांदळाची पोती मोजत होता.
त्याचा आकडा चुकला, त्याने मागे वळून पाहिलं.

रविवारी बेड्यावर जीप गेली.

मंगळवारी उकंडा शिपाई कारंज्याहून परतला,
पिशवीत घंटा.
"कासाराकडून झाळून आनली, सर.
सांगून तं गेलो होतो."
टोल दिला. आधीपेक्षा खणखणीत.

पुस्तकात एकशे चार पानावर 'निर्दोष' आला.
मी लिहिला. वाक्य केलं नाही.
पुढची पानं नव्हतीच.

सुरमल पुन्हा आला नाही.
हापशीमागे मी कितीदा तरी उकिडवी बसले.
शेळ्या ओळखता आल्या, सायकलचा टायर ओळखता आला,
बाकीचं मला वाचताच येत नव्हतं.

आता मी दारव्ह्याच्या कोर्टात टायपिस्ट.
'संशयित' दिवसातून वीसदा बोटांखालून जातो,
बोटं अडखळत नाहीत.
आडनाव पवार आलं की तेवढं आधी गाव पाहते.

वही आहे अजून.
'माग' या शब्दाशेजारी समास कोरा आहे, चांगला चार बोटं रुंद.
तो आखूड शब्द तिथे सहज मावला असता.
पण ती वही मराठी शब्दांची होती.

दुपारी फाइल नसली की कधी
ओठ न हलवता जुळवून बघते:
सुरुवातीला ख होता
की घ.